शेनँडोआकर

मराठी माणसाची ओळख करून घ्यायची एक ठरलेली पद्धत आहे. आधी आडनाव विचारायचे आणि त्यावरून नीट उलगडा झाला नाही तर लगेच पुढचा प्रश्न, "मूळ गाव कोणते?" आडनावाच्या शेवटी 'कर' असला की निम्मे काम झाले. मग उरलेले निम्मे, म्हणजे तो त्या गावात अजून राहतो का, शेत आहे का, देवस्थान कोणते वगैरे. अमेरिकेत येऊन इतकी वर्षे झाली तरी इथल्या गणेशोत्सवात दोन अनोळखी मंडळी भेटली की पाच मिनिटांत गाडी गावावर येतेच.

आज ज्याच्याविषयी लिहायचे आहे तोही असाच एक 'कर' आहे. त्याच्या तोंडाकडे पाहून त्याची पुरती ओळख पटत नाही, गाव विचारावेच लागते. फरक इतकाच की तो आठ-दहा सेंटीमीटर लांबीचा आहे, त्याला फुप्फुसे नाहीत आणि साऱ्या जगात तो फक्त तीन डोंगरमाथ्यांवर राहतो. त्याचे नाव शेनँडोआ सॅलॅमँडर.

सॅलॅमँडरला मराठीत रुळलेले नाव नाही, कारण महाराष्ट्रात हा प्राणीच नाही. भारतात तो पूर्व हिमालयात, दार्जिलिंगच्या बाजूला, आणि ईशान्येकडच्या काही डोंगरांत सापडतो. पहिल्या नजरेत कोणीही त्याला पाल म्हणेल. पण पालीच्या अंगावर खवले असतात आणि बोटांना नखे असतात. सॅलॅमँडरला दोन्ही नाहीत. त्याची कातडी ओली असते आणि पुढच्या पायांना पाच नव्हे, चारच बोटे असतात. तो बेडकाच्या नात्यातला, म्हणजे उभयचर. आपल्या सह्याद्रीत त्याचा एक दूरचा भाऊबंद आहे, तो म्हणजे देवगांडूळ. पावसाळ्यात खताच्या ढिगाखाली किंवा ओल्या मातीत दिसणारा, गांडुळासारखा पण चांगला जाड, बिनपायांचा तो प्राणी. बेडूक, सॅलॅमँडर आणि देवगांडूळ अशा उभयचरांच्या तीन शाखा. त्यांतली मधली शाखा सगळ्यांत जास्त फुलली ती इथे, अमेरिकेच्या पूर्वेकडच्या अॅपलेशियन पर्वतरांगेत.

माझे पोटापाण्याचे काम म्हणजे सच्छिद्र पदार्थ वाळतात कसे ह्याचा अभ्यास. प्राणिशास्त्राशी माझा संबंध बारावीला सुटला. पण ह्या प्राण्याची गोष्ट वाचायला लागलो आणि लक्षात आले की ही तर माझ्याच विषयातली गोष्ट आहे! ज्या सॅलॅमँडरांना इथे 'जंगली' म्हणजे वुडलँड सॅलॅमँडर म्हणतात, त्या गटाचे शास्त्रीय नाव प्लेथोडॉन. ग्रीकमधून आलेल्या ह्या नावाचा अर्थ साधारण 'दातांची रेलचेल असलेला'. ह्या गटात पन्नासहून अधिक जाती आहेत. त्यांना फुप्फुसे नाहीत आणि कल्लेही नाहीत. सारा प्राणवायू कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून शोषला जातो. आता प्राणवायू आत यायचा तर कातडी पातळ आणि ओली हवी. आणि पातळ, ओल्या कातडीतून प्राणवायू आत येतो तसे पाणी बाहेरही जाते. म्हणजे श्वास घेणे आणि वाळणे ह्या दोन क्रिया एकाच दारातून चालतात. शरीर जितके लहान तितके वजनाच्या मानाने पृष्ठभागाचे क्षेत्रफळ जास्त, म्हणून वाळण्याचा वेगही जास्त. त्यामुळे हा प्राणी कोरड्या हवेत बाहेर पडूच शकत नाही. दिवसभर ओंडक्याखाली, पानांच्या ओल्या थराखाली किंवा दगडाखाली बसायचे आणि पावसाळी रात्री बाहेर येऊन मुंग्या, पिसवांएवढे किडे आणि कोळ्यांसारखे जीव खायचे, असा त्याचा संसार.

त्याला तळेही लागत नाही. बेडकासारखी पाण्यात पोहणारी पिल्ले नाहीत. मादी ओंडक्याखालच्या पोकळीत मूठभरही नाहीत अशी थोडी अंडी घालते, त्यांच्याभोवती अंग वळवून आठवडेच्या आठवडे राखण करते आणि अंड्यांतून थेट चार पायांची चिमुकली पिल्ले बाहेर येतात. जन्म, संसार आणि मरण बहुतेक वेळा काही चौरस मीटरांच्या आत.

असा प्राणी दुर्मीळ असेल असे आपल्याला वाटते, पण तसे नाही. न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रुक ह्या जंगलात बर्टन आणि लायकन्स ह्यांनी केलेली मोजणी १९७५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या जंगलातल्या सगळ्या सॅलॅमँडरांचे एकत्र वजन हे विणीच्या ऐन हंगामातल्या सगळ्या पक्ष्यांच्या वजनाच्या सुमारे दुप्पट भरले आणि उंदीर-चिचुंद्र्यांसारख्या लहान सस्तन प्राण्यांच्या जवळपास बरोबरीचे. जंगलात फिरताना आपण पक्ष्यांकडे पाहत वर मान करून चालतो, आणि पायाखाली त्यांच्या दुप्पट वजनाचे प्राणी गुपचूप बसलेले असतात! त्या जंगलात ह्या वजनाचा फार मोठा वाटा एकाच जातीचा होता, लाल पाठीच्या सॅलॅमँडरचा. आपल्या गोष्टीतला हा दुसरा नायक. खलनायक म्हणावे का, ते पुढे पाहू.

ह्या लाल पाठीवाल्याचे बारसे १८१८ मध्ये झाले आणि तिथूनच घोटाळा सुरू झाला. बारसे करणारा जेकब ग्रीन हा पेशाने रसायनशास्त्राचा प्राध्यापक. त्या काळी एकाच माणसाने रसायन शिकवावे, वनस्पती गोळा कराव्यात आणि सरडे-बेडकांची वर्णने लिहावीत ह्यात कोणाला वावगे वाटत नसे. ग्रीनसमोर दोन प्रकारचे नमुने होते. एक संपूर्ण राखाडी आणि दुसरा पाठीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत रुंद लाल पट्टा असलेला. कोणीही शहाणा माणूस करेल तेच त्याने केले, दोघांना दोन नावे दिली. राखाडीला 'सिनेरिया', म्हणजे राखेच्या रंगाचा, आणि दुसऱ्याला 'एरिथ्रोनोटा', म्हणजे लाल पाठीचा.

पुढे कळून आले की हे दोघे एकच. एकाच ओंडक्याखाली दोन्ही रंगांचे प्राणी सापडतात आणि एकाच आईच्या पिल्लांत दोन्ही रंग निघू शकतात. आपल्याकडे एका घरात एक भाऊ गोरा आणि एक सावळा असतो तसेच. दोन नावांतले एक टिकायचे होते आणि टिकले ते 'सिनेरियस'. त्यामुळे आज गंमत अशी आहे की ज्याला इंग्रजीत सगळे 'लाल पाठीचा' म्हणतात, त्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थ 'राखाडी' असा आहे.

ह्यातून शास्त्रज्ञांनी एक धडा घेतला की रंगावर विश्वास ठेवू नये. पण दक्षिणेकडच्या ग्रेट स्मोकी पर्वतांनी त्याच्या उलट धडाही शिकवला. तिथे १९०१ मध्ये ब्लॅचली ह्यांनी काळ्या अंगाच्या आणि लालभडक गालांच्या एका सॅलॅमँडरचे वर्णन केले, त्याला जॉर्डनचा सॅलॅमँडर म्हणतात. त्याच डोंगरांत अगदी तसेच लाल गाल असलेला, पण मुळात दुसऱ्याच गटातला एक सॅलॅमँडर आहे. डन ह्यांनी १९२७ मध्ये त्याचे नावच 'इमिटेटर', म्हणजे नक्कल करणारा, असे ठेवले. त्याचे मागचे पाय पुढच्यांपेक्षा दणकट असतात आणि डोळ्यापासून जबड्यापर्यंत बहुधा एक फिकट रेघ असते, त्यावरून तो पकडला जातो. शेजारच्या डोंगरांत तर गाल काळे आणि पाय लाल अशीही मंडळी आहेत. ही सारी रंगरूपे एकाच जातीची, असे विसाव्या शतकाच्या मध्यापासून बरीच वर्षे मानले जात होते. २००० मध्ये हायटन आणि पीबॉडी ह्यांनी प्रथिनांच्या तपासणीवरून त्या एका जातीच्या सात जाती केल्या. म्हणजे रंग कधी एकाचे दोन करून दाखवतो, कधी दोनाचे एक, आणि कधी सातांचे एक!

ह्यातले रिचर्ड हायटन हे नाव लक्षात ठेवायचे. मेरीलँड विद्यापीठातल्या ह्या प्राध्यापकांनी आपले सारे आयुष्य प्लेथोडॉनवर घालवले. आपल्या शेनँडोआकराला नाव मिळाले तेही त्यांच्यामुळेच.

आता थोडे त्या गावाविषयी. वॉशिंग्टनपासून पश्चिमेला दीड-दोन तास गाडी हाकली की ब्लू रिजचे डोंगर लागतात. त्यांच्या माथ्यावरून १०५ मैलांचा स्कायलाइन ड्राइव्ह हा रस्ता जातो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना शेनँडोआ राष्ट्रीय उद्यान पसरलेले आहे. हे उद्यान १९३५ मध्ये स्थापन झाले. आज घनदाट दिसणाऱ्या ह्या जंगलात तेव्हा शेते होती, सफरचंदाच्या बागा होत्या, गुरांची कुरणे होती. व्हर्जिनिया राज्याने १९२८ मध्ये खास कायदा करून जमिनी ताब्यात घेतल्या आणि शेकडो कुटुंबांना डोंगर सोडावा लागला. काही थोड्या वृद्धांना मरेपर्यंत तिथे राहू दिले. त्यांतली शेवटची रहिवासी १९७९ मध्ये वारली. आपल्याकडच्या धरणग्रस्तांच्या कहाण्या ऐकत मोठे झालेल्या माणसाला ह्या उद्यानात फिरताना जुन्या घरांच्या धुराड्यांचे पडके दगड दिसले की काही वेगळे सांगावे लागत नाही. माणसे गेली आणि जंगल परत आले, हे दोन्ही खरे आहे.

ह्या उद्यानातली सगळ्यांत उंच दोन शिखरे म्हणजे हॉक्सबिल, १२३४ मीटर, आणि स्टोनी मॅन, साधारण १२२३ मीटर. आपल्या कळसूबाईपुढे, किंवा साल्हेरपुढेही, ही टेकाडेच. पण सह्याद्रीशी त्यांचे एक नाते आहे. ह्या माथ्यांचा खडकही मुळात लाव्हाच. आपला बेसाल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांचा, हा त्याच्या आठ-नऊ पट जुना आणि दाबाखाली-उष्णतेत बदलून हिरवट झालेला. हिमयुगाच्या थंडीत भेगांमध्ये पाणी गोठून गोठून कडे फुटले आणि त्यांच्या पायथ्याशी मोठमोठ्या दगडांचे खच पडले. आपल्याकडे गडावर चढताना 'घसारा' लागतो, त्याचाच हा मोठ्या धोंड्यांचा प्रकार समजा.

ह्या दगडांच्या खचांत एक काळपट सॅलॅमँडर सापडला आणि हायटन व वर्दिंग्टन ह्यांनी १९६७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पण स्वतंत्र जात म्हणून नव्हे. ओहायो खोऱ्याच्या बाजूला राहणाऱ्या 'रिचमंडी' नावाच्या जातीची एक पोटजात म्हणून. काही वर्षांत हायटन ह्यांनीच त्याला तिथून उचलले आणि वेस्ट व्हर्जिनियाच्या चीट पर्वतावरच्या 'नेटिंगी' ह्या जातीची पोटजात म्हणून ठेवले. शेवटी १९७९ मध्ये हायटन आणि लार्सन ह्यांनी त्याला स्वतंत्र जातीचा मान दिला, प्लेथोडॉन शेनँडोआ. बारा वर्षांत तीन वेळा रेशनकार्ड बदलले. प्राणी मात्र त्याच दगडाखाली बसला होता.

हे शेवटचे पाऊल ज्या पद्धतीने पडले तिला इलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात. कल्पना सोपी आहे. प्राण्याच्या पेशींतली प्रथिने काढायची, ती जेलीसारख्या एका थरात एका टोकाला ठेवायची आणि थरातून वीज सोडायची. प्रथिनावर जितका विद्युतभार असेल त्यानुसार ते कमी-जास्त अंतर सरकते. नंतर रंग टाकून पट्टा कुठे थांबला ते पाहायचे. दोन प्राण्यांचे एकच प्रथिन वेगवेगळ्या जागी थांबले तर त्यांच्या जनुकांत फरक आहे. अशी वीस-पंचवीस प्रथिने तपासली की दोन गट आपसांत मिसळतात की नाही ह्याचा हिशेब मांडता येतो. डोळ्याला जे दोन भाऊ सारखे दिसतात ते मुळात भाऊ आहेत का, हे असे कळते. आज ह्या कामाला थेट डीएनए वाचतात, पण वुडलँड सॅलॅमँडरांच्या वंशावळीचा बराचसा पाया ह्या जेलीवरच्या पट्ट्यांनी घातला.

पण डोंगरात फिरणाऱ्या माणसाच्या खिशात जेली नसते. त्याला डोळ्यांनीच ओळखायचे असते आणि इथे खरी पंचाईत आहे. कारण हॉक्सबिलवर लाल पाठीचा सॅलॅमँडरही भरपूर आहे. त्याची दोन रूपे आपण पाहिली, पट्टेवाला आणि राखाडी. आणि शेनँडोआ सॅलॅमँडरचीही नेमकी तशीच दोन रूपे आहेत! म्हणजे एकाच डोंगरावर चार प्रकारचे दिसणारे प्राणी आणि जाती दोनच. मग ओळखायचे कसे?

पहिली खूण पाठीचा पट्टा. लाल पाठीवाल्याचा पट्टा रुंद, जवळजवळ सारी पाठ व्यापणारा. शेनँडोआवाल्याचा अरुंद, पाठीच्या मधून एक रेघ ओढल्यासारखा. पण ज्यांना पट्टाच नाही त्यांच्यासाठी ही खूण कुचकामी.

दुसरी आणि सगळ्यांत भरवशाची खूण पोट. लाल पाठीवाल्याचे पोट म्हणजे कोणी मीठ आणि मिरपूड सारख्या प्रमाणात मिसळून भुरभुरल्यासारखे, पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांचे. शेनँडोआवाल्याचे पोट काळे, त्यावर थोडेसेच पांढरट किंवा पिवळट ठिपके. पण पोट पाहायचे तर प्राणी उचलून उलटा करावा लागतो.

तिसरी खूण बरगड्यांच्या जागी दिसणाऱ्या उभ्या खाचा. पुढच्या आणि मागच्या पायांच्या मध्ये त्या मोजायच्या. शेनँडोआवाल्याला बहुधा १८, लाल पाठीवाल्याला बहुधा १९. पण 'बहुधा' हा शब्द महत्त्वाचा. दोघांतही एखादी कमी-जास्त असू शकते. माझ्या प्रयोगशाळेत एखाद्या मापाच्या दोन गटांतला फरक असा एकमेकांवर चढलेला असेल तर आम्ही त्या एकट्या मापावर निकाल देत नाही. दुसरे स्वतंत्र माप शोधतो.

हे दुसरे स्वतंत्र माप म्हणजे जागा. आणि जागेचे महत्त्व ज्याने प्रयोगांनी दाखवले तो रॉबर्ट जेगर. १९७० आणि १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या शोधनिबंधांनी ही सारी कहाणी उलगडली. त्याने दगडांच्या खचाचे प्रकार पाडले. काही ठिकाणी नुसते धोंडे, मध्ये माती अजिबात नाही, तिथे कुठलाच सॅलॅमँडर नाही. काही ठिकाणी धोंड्यांच्या मध्ये मातीचे छोटे छोटे कप्पे, तिथे शेनँडोआवाला. आणि खचाच्या बाहेर, खोल ओल्या मातीच्या जंगलात सगळीकडे लाल पाठीवाला.

आता प्रश्न असा की शेनँडोआवाल्याला दगड आवडतात म्हणून तो तिथे राहतो का? जेगरने दोघांना वेगवेगळ्या ओलाव्यात ठेवून पाहिले. कोरडेपणात शेनँडोआवाला जास्त टिकला. पण ह्याचा अर्थ त्याला कोरडे हवे असा नाही. ओली, खोल माती त्यालाही मानवते. ती त्याला मिळत नाही, कारण तिथे लाल पाठीवाला ठाण मांडून बसला आहे. हा लाल पाठीवाला जागेच्या बाबतीत मोठा भांडखोर. आपल्या ओंडक्याभोवती विष्ठेच्या गोळ्यांनी आणि वासाने हद्द आखतो, आलेल्याला दम देतो, प्रसंगी चावतो. सुपीक जमिनीतून हुसकावलेला शेनँडोआवाला मुरमाड जमिनीवर तग धरून आहे, एवढ्याचसाठी की तिथे दुसऱ्याला राहवत नाही. पुढे १९९८ मध्ये ग्रिफिस आणि जेगर ह्यांनी डोंगरावरच केलेल्या कामातूनही ही हद्दीची भांडणे दिसून आली.

म्हणजे त्या दगडांच्या कोरडेपणाला इथे दुहेरी भूमिका आहे. तो शेनँडोआवाल्याचा शत्रू आहे आणि तटबंदीही आहे.

जेगरने १९७० मध्येच आणखी एक गोष्ट सांगितली होती. दगडांचा खच कायमचा तसा राहत नाही. पाने पडतात, कुजतात, वरून माती वाहून येते, फटी बुजत जातात. जसजशी माती भरेल तसतसा लाल पाठीवाला आत शिरेल आणि शेनँडोआवाल्याचे ते बेट लहान होत जाईल. हे मानवाने केलेले काही नाही, नैसर्गिकच आहे. पण ज्याचे गाव अवघे तीन माथ्यांचे, हॉक्सबिल, स्टोनी मॅन आणि पिनॅकल, त्याला असे तुकडे गमावणे परवडणारे नाही.

अमेरिकेच्या केंद्र सरकारने १९८९ मध्ये त्याला 'धोक्यात आलेली जात' म्हणून कायद्याचे संरक्षण दिले. मातीने फटी बुजण्यापलीकडेही धोके होते. परदेशातून आलेल्या सुरवंटांनी, म्हणजे ज्याला आता स्पाँजी मॉथ म्हणतात त्या पतंगाच्या अळ्यांनी, ओक वृक्षांची पाने फस्त केली आणि सावली गेली. सावली गेली की जमीन तापते, ओल उडते. आम्लपावसाने मातीचा पोत बिघडला, आणि ज्याची कातडी हेच फुप्फुस त्याला मातीचा आम्लपणा थेट भोगावा लागतो. आता सगळ्यांत मोठी काळजी तापणाऱ्या हवेची आहे. हे उत्तरेकडच्या, सावलीच्या उतारांवर राहणारे प्राणी. हवा तापली की थंडाव्याच्या शोधात जायचे कुठे? वर. आणि हॉक्सबिलच्या वर काही नाही. १२३४ मीटरवर डोंगर संपतो. शेजारच्या उंच डोंगरावर जायचे तर मध्ये तापलेली दरी, आणि ती ओलांडण्याइतका वेळ ही कातडी ओली राहत नाही.

उद्यानाच्या लोकांपुढे ह्यातून एक अवघड प्रश्न उभा राहतो. लाल पाठीवाला हा बाहेरून आणलेला उपरा असता तर त्याला हटवणे सोपे होते. पण तोही इथलाच, शेनँडोआवाल्याइतकाच भूमिपुत्र. एका भूमिपुत्रासाठी दुसऱ्याला हुसकावायचे का? की निसर्गाचे भांडण निसर्गावर सोडायचे? हे जुने उत्तर झाले, पण हवा आपण तापवली असेल तर ते भांडण नुसते निसर्गाचे राहिले का? खलनायक म्हणावे का, असे वर मी म्हटले होते. मला तरी म्हणवत नाही. तो आपले घर राखतो, इतकेच.

आणि ह्या साऱ्या प्रश्नांच्या आधी एक साधा प्रश्न सुटलेला असावा लागतो. समोर बसलेला हा काळपट प्राणी दोघांपैकी कोण? किती उरले आहेत, कुठल्या खचातून नाहीसे झाले, लाल पाठीवाला कुठवर शिरला, ह्यातली एकही गोष्ट ओळख पटल्याशिवाय मोजता येत नाही. पोटावरच्या ठिपक्यांची बारीकसारीक वर्णने वाचताना हा किडा मारत बसण्याचा छंद वाटू शकतो. पण ज्या जातीला आपण दुसरीपासून वेगळे ओळखू शकत नाही, ती संपली तरी आपल्याला कळणार नाही. डोंगरावर तसेच दिसणारे प्राणी हजारोंनी फिरतच असतील.

गेल्या काही वर्षांत मी हॉक्सबिलला बऱ्याचदा गेलो. एकदा धुक्यात, पाऊस नुकताच थांबला असताना, पायवाटेच्या कडेच्या दगडावर एक सॅलॅमँडर दिसला. गडद, जवळजवळ काळा, पाठीवर पितळी कणांसारखे काही ठिपके, पट्टा नाही. पोट दिसणे शक्य नव्हते, कारण त्याला हात लावणे हा गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. आपल्या हाताची उष्णता आणि हातावरचे मलम, मीठ काहीही त्या कातडीतून आत जाते. मग मी आजूबाजूला पाहिले. उतार उत्तरेचा. वाटेच्या वरच्या अंगाला धोंड्यांचा खच, त्यांच्या फटींत चहाच्या बशीत मावेल इतकी माती. पण खालच्या अंगाला चांगली खोल काळी माती आणि कुजलेला ओंडका. म्हणजे नेमका दोन्ही गावांच्या शिवेवरचा दगड! वहीत तारीख, उंची, उताराची दिशा, दगड-मातीचे वर्णन लिहिले आणि नावापुढे 'बहुधा शेनँडोआ' असे लिहिले. ह्याहून जास्त लिहिण्याइतका पुरावा तिथे नव्हता.

जुन्या संग्रहालयांत स्पिरिटमध्ये ठेवलेले असे प्राणी पाहिलेत तर एक गोष्ट लक्षात येईल. पन्नास-शंभर वर्षांत त्यांचे लाल, पिवळे रंग पार उडून जातात, सगळेच राखाडी होतात. चिठ्ठीवरचे नावही दर पिढीत कोणीतरी खोडून बदलतो. पण त्याच चिठ्ठीवर प्राणी कुठे मिळाला, किती उंचीवर, कशाखाली, हे लिहिलेले असते आणि ती ओळ कोणी खोडत नाही. पुढच्या माणसाने नवी पद्धत शोधली की तो त्या ओळीपासूनच सुरुवात करतो.

असो. कधी इकडे येणे झाले आणि शरद ऋतूतली रंगीत पाने पाहायला स्कायलाइन ड्राइव्हवर गेलात, तर हॉक्सबिलचा फेरा जरूर करा, वर-खाली मिळून दोन तास पुरतात. माथ्यावरून शेनँडोआचे खोरे सुरेख दिसते. फक्त तिथले दगड उलटे करून पाहू नका, आणि फोटोसाठी वाट सोडून धोंड्यांवर चढू नका. त्यांच्याखाली कोणाचे तरी घर आहे, आणि त्याला दुसरे गाव नाही.